मेजर स्टॅनिफरच्या पोस्टरमधला पडणारा स्वार

वायोमिंगमधल्या आल्डर फोर्क गावात ऑरिन क्लाउसन दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पुढे पाट्या छापून चिकटवायचं यंत्र आलं आणि त्याची देखणी अक्षरं एका हिवाळ्यात जुनाट ठरली. मग तो सरहद्दीच्या खेळांची जुनी पोस्टरं हाताने उतरवायला लागला. घोडे, धूर, डाकगाडीवर हल्ला असा तो खेळ असे. सरकारने नुकतंच लढाईत हरवलेल्या तिथल्या मूळ लोकांना पगारावर ठेवायचं आणि तिकीट लावून रोज दोनदा पुन्हा हरवायचं, असा मेजर स्टॅनिफर आणि त्याच्यासारख्यांचा धंदा होता. शंभर वर्षांनी ती पोस्टरं मोटेलवाल्यांना, न्हाव्यांना आणि गावच्या दातांच्या डॉक्टरला भिंतीवर हवीशी वाटायला लागली.

ऑरिनची पद्धत अशी, की मूळ चित्रावर चौकटी आखायच्या आणि ते उलटं टांगून रंगवायचं. पाय वर, डोकं खाली. माणूस ओळखू आला की हात आपल्या मनचं काढायला लागतो, असं त्याचं म्हणणं होतं. त्यामुळे सर्वांत जास्त खपलेल्या पोस्टरमधला, घोड्यावरून कोसळणारा लाकोटा जमातीचा स्वार त्याने उभ्या आयुष्यात कधी नीट पाहिला नव्हता. मूळ पोस्टर गळक्या नळाच्या पाण्याने केव्हाच खराब झालं. मग ऑरिन आपल्याच नकलेवरून नक्कल काढायचा, आणि त्या नकलेवरून पुढची. तक्रार कोणी केली नाही. दातांच्या डॉक्टरकडे माणसं भिंतीकडे बघतात ती वेगळ्याच काळजीत.

पाइन रिज या लाकोटा वस्तीतली लिओना हॉलो हॉर्न ऑरिनकडे आली ती त्या दवाखान्यातलं चित्र पाहूनच. निवृत्त नर्स, पांढऱ्या वेण्या, हातात गाडीच्या किल्ल्या. टांगलेल्या चित्राकडे बघून म्हणाली, "हे जरा सुलटं करा."

ऑरिनने केलं. तिने कोसळणाऱ्या स्वारावर बोट ठेवलं. "हा माझा आजा."

आता माफी मागायची वेळ आली हे ऑरिनला कळलं, आणि त्याने घसा साफ केला. पण तिला माफी नको होती. आजा मेजरकडे मरायच्या कामाला होता, असं तिने सांगितलं. भरधाव घोड्यावरून असा पडायचा की बायका किंचाळायच्या, आणि मैदानाच्या टोकाला पुन्हा खोगिरावर बसलेला असायचा. समुद्रापार जाऊन मरून आला होता तो. येत्या उन्हाळ्यात जेवण घालून त्याचं नाव तिच्या धाकट्या भावाला, एमेटला द्यायचं होतं. तिथे हे चित्र लावायचं. नाव देताना त्या माणसाचं कर्तब चारचौघांत सांगतात आणि जसं घडलं तसंच सांगतात, तसूभर वाढवून चालत नाही.

"अडचण एवढीच," ती म्हणाली, "की तुमच्या चित्रात तो खरोखर पडतोय."

घोड्याच्या आयाळीत केसांचा फास विणलेला असे आणि आज्याचा हात त्यात असे. इथे मूठ रिकामी होती. ऑरिनला आठवलं. मूळ पोस्टरवर त्या मुठीशी एक काळी वेलांटी होती. छपाईचा डाग समजून त्याने पहिल्याच नकलेत ती स्वच्छ पुसून टाकली होती, आणि त्या सफाईचा त्याला अभिमानही होता.

एमेटने तेच चित्र दवाखान्यात पाहिलं आणि तेव्हापासून नाव घ्यायला तयार नव्हता. म्हणे, म्हातारा नुसताच पडत असेल, बाकी सगळं घरच्यांनी रचलेलं. खोटं नाव घेऊन मी मिरवणार नाही.

ऑरिन म्हणाला, फास रंगवून देतो, पण तो हात कसा दिसतो ते मला ठाऊक नाही. लिओना म्हणाली, एमेटलाही ठाऊक नाही, चला.

एमेट शाळेची बस चालवायचा. पोट सुटलेलं, गुडघे कुरकुरणारे. खरं की खोटं ते एकदा करूनच बघू, म्हणत तो कुरणात आपल्या घोडीपाशी आला. लिओनाने आईकडून शिकलेली वीण घोडीच्या आयाळीत घातली आणि ओढून पाहिली.

"ताई, मी मेलो तर नाव कोणाला देशील?"

"घोडीला. तिला शोभेल तरी."

एमेट कुरणाच्या टोकापर्यंत गेला आणि वळला. घोडी सुटली. ऑरिन कुंपणाला टेकून उभा होता. गवतावरून टापांचा आवाज आधी पायात शिरला. मग तो लठ्ठ माणूस कडेला झुकला, आणखी झुकला, आणि सुटला. डोकं टापांच्या बाजूला, एक हात गवताला घासत, तोंड आभाळाकडे. त्या क्षणी त्याला ना वय होतं ना वजन. रंगवून रंगवून पाठ झालेली ती आकृती ऑरिनच्या समोरून श्वास घेत गेली. वर ताणलेल्या हाताची एकूणएक शीर फासात उभी होती, आणि त्या हातावर सगळा माणूस तोललेला होता. मग घोडीच्या पाठीवर पुन्हा एमेट होता. मधे काय झालं ते ऑरिनला दिसलं नाही. आपण टोपी काढली आहे हे त्याला नंतर कळलं.

एमेट परत आला तो रडत होता की धापा टाकत होता, ते त्याच्या बहिणीनेही विचारलं नाही. "म्हातारा हे दिवसातून दोनदा करायचा," एवढंच तो म्हणाला.

हे चित्र ऑरिनने सुलटं रंगवलं. हात आपल्या मनचं काढायला लागला तेव्हा त्याने त्याला काढू दिलं. स्वाराचं तोंड थोडं एमेटसारखं झालं.

जेवणाच्या दिवशी चित्र मांडवात लावलं होतं. एका म्हाताऱ्याने आज्याची हकिकत सांगितली, फासासकट. कोणी हरकत घेतली नाही. एमेटला नाव मिळालं. मग घरच्यांनी पाहुण्यांना वस्तू द्यायच्या, त्या दानाला सुरुवात झाली. ऑरिनला पुढे बोलावून त्याच्या खांद्यावर मानाची, चांदणीची गोधडी घातली, तेव्हा तो शिष्टाचार म्हणून नको नको करायला लागला. लिओनाने खालच्या आवाजात सांगितलं, "घ्या हो, मागे लोक खोळंबलेत."

वोजापीची वाटी घेऊन तो बाकावर बसला. रानबेरींचा तो गोड रस्सा गरम होता. पलीकडे लिओनाने भावाला नव्या नावाने हाक मारली. एमेट तळलेली पोळी खात राहिला. मग तो दचकला, हात पुसले आणि उभा राहून ओ दिली.