कार्डावरचं आक्काचं नाव

आक्काचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली, तरी तिचं नाव आमच्या कर्नाटकातल्या वडगावच्या रेशनकार्डावर तसंच होतं. तिला दिली चंदगडकडं, म्हणजे महाराष्ट्रात. नाव कमी करूया म्हटलं की आई चिडायची. "माहेरात नावबी नको व्हय तिचं?" आक्काच्या वाट्याचा तांदूळ ती वेगळ्या डब्यात ठेवायची आणि आक्का आली की त्याचाच भात करायची.

यंदा आक्काच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. गरिबांसाठीच्या सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार होतं, पण त्यासाठी तिचं नाव सासरच्या कार्डावर हवं होतं. तिथला क्लार्क म्हणाला, आधी कर्नाटकातून नाव कमी केल्याचा दाखला आणा. बहीण जगावी म्हणून तिला घरातून खोडायची, असला हा कायदा. मी चडफडत ऑफिसात गेलो, कन्नडमधला अर्ज भरला आणि कारणापुढं 'लग्न' लिहिलं.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टरांनी प्रवास मात्र बंद केलाय. तांदळाचा डबा अजून भरलेलाच आहे.

परवा नवं कार्ड आलं. आईला कन्नड वाचता येत नाही, म्हणून मी नावं वाचून दाखवली. पहिलं तिचं, मग आप्पांचं, मग आक्काचं, मग माझं. आईनं कार्डावरून बोट फिरवलं.

"ओळी तीनच हाईत रं," ती म्हणाली.

तिनं कार्ड पुन्हा माझ्या हातात दिलं.

"परत वाच. मगाशी वाचलास तसंच."