बॅट टाकून पळायला शिकवणारा योस

योस गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या घरी, जेवणाच्या टेबलावर थाटलेल्या ऑफिसात मीटिंगला बसलो होतो. कॅमेरा बंद केला आणि सरळ रडलो. लाज कसली त्यात!

योस आमच्या लेकीचा, इराचा बेसबॉलचा कोच. तरुणपणी तो अमेरिकेत पगारी खेळाडू होता, चेंडू टाकणारा. मोठ्या संघाच्या दारात पोचला आणि खांदा गेला. परत आला, इथल्या क्लबातून आणखी काही वर्षं खेळला, मग पोरांना शिकवत राहिला. हळहळ व्यक्त केली की म्हणायचा, "खांदा गेला, घसा शाबूत आहे की!" आमची गट्टी जमली ती माझ्या फजितीमुळे. पालकांच्या गमतीच्या सामन्यात मी झकास फटका मारला आणि बॅट हातात घेऊनच धावत सुटलो. वर पहिल्या बेसच्या उशीवर ती टेकवलीसुद्धा! पुण्यातल्या गल्लीतलं क्रिकेट, हाडात मुरलेलं... योस पोट धरून हसला. "अरे, टाक ती! पळताना ओझं कशाला?" त्याच संध्याकाळी त्याने मला मदतनीस करून टाकलं.

मग कोरोना आला आणि पाठोपाठ योसचा कॅन्सर. माणसांत मिसळायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हा पठ्ठ्या मैदानाच्या कुंपणाबाहेर गाडी लावायचा, काच खाली करायचा आणि तिथून पोरांना ओरडून शिकवायचा. एकदा मला जवळ बोलावून म्हणाला, "पुढच्या मोसमात ही पोरं तुझी."

"भलतंच काय! मी क्रिकेटवाला. दुसरा कोणी बघ."

"बघितला. कोणी तयार नाही. तू नाही म्हणालास तर संघ मोडेल."

"बघू," म्हणून मी वेळ मारून नेली. त्याने काच वर केली.

अंत्यविधीला मोजक्याच माणसांना मुभा होती, त्यात आम्ही नव्हतो. म्हणून योसच्या घरच्यांनी त्याची शवपेटी नेणारी गाडी मैदानासमोरून न्यायला लावली. पोरं गणवेश घालून, अंतर राखून रस्त्याकडेला उभी राहिली. गाडी सावकाश आली, सावकाश गेली... कोणी जागचं हलेना. इरा एरवी माझ्या मराठीला डचमधून उत्तर देते. त्या दिवशी इतरांना कळू नये म्हणून तिने हळूच मराठीत विचारलं, "बाबा, शनिवारी प्रॅक्टिस आहे?"

"आहे," मी डचमधून म्हणालो, सगळ्या पोरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.