आधी खोड सांगा

देवगाव फाट्यावरच्या चहाच्या टपरीत आश्रुबा शिरला की दोन गोष्टी व्हायच्या. चहावाला एक कप जास्तीचा टाकायचा, आणि बाकड्यावरची माणसं एकेक करून उठू लागायची. कुणाला रानातलं काम आठवायचं, कुणाला एसटी आल्यासारखी वाटायची. माणूस वाईट म्हणून नव्हे हो. इतका दिलदार गडी त्या फाट्यावर दुसरा नव्हता. पण तो वाद घालायचा, वाद जिंकायचा, आणि जिंकल्यावर समोरच्याला मान वर करू द्यायचा नाही.

धंद्याने तो शेळ्या-मेंढ्यांचा दलाल. उपरण्याखाली घेणाऱ्याची आणि देणाऱ्याची बोटं धरून सौदे जुळवण्यात त्याची हयात गेली. गंमत अशी की बाजारात हीच माणसं त्याला शोधत यायची. कारण त्याची एक सवय सेलू-जिंतुरापर्यंत माहीत होती, ती म्हणजे जनावराची खोड तो आधी सांगायचा. गिऱ्हाईक बोकडाच्या पाठीवर हात ठेवायच्या आत हा बोलून मोकळा व्हायचा, "मागच्या डाव्या पायानं लंगडतोय हा. आता बघा काय बघायचं ते." विकणारा कपाळाला हात लावायचा. पण तो सौदा मोडत नसे, आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या बाजारी पुन्हा आश्रुबाचंच उपरणं धरायचं.

वादाचं वेड त्याला मेंढ्यांमागे फिरताना लागलं. लहानपणी बापाबरोबर दिवसच्या दिवस माळावर काढायचे, बोलायला कुणी नाही, मग डोक्यात प्रश्नांचा कळप. मेंढी कळप सोडत नाही ती भीतीने की मायेने? माणूस झोपला की 'मी' कुठे जातो? शाळा सुटली, हे प्रश्न काही सुटले नाहीत. बायको वच्छलाबाई एक-दोन प्रश्नांना हूं म्हणायची आणि तिसऱ्याला त्याच्या हातात घागर द्यायची.

मग पंकजा झाली, आणि आश्रुबाचं नशीब उघडलं. पोर बोलायला लागली तीच मुळी प्रश्न विचारत. एकदा अंगणात बसल्या बसल्या तिने विचारलं, "आबा, काल कुठं गेला?" आश्रुबा इतका हरखला की हातातलं काम टाकून गावभर सांगत सुटला. तिथून पुढे बापलेकीचं असं जमलं की ताटातली भाकरी वाळायची आणि बोलणं संपायचं नाही.

पण पोर वाढली, तसे तिचे प्रश्न धारदार झाले आणि आश्रुबाला हरण्याची धास्ती वाटू लागली. मग तो जिंकू लागला. आवाज चढवून, मधेच फाटे फोडून, गरज पडली तर वाडवडलांना मधे ओढून. पंकजा परभणीला जनावरांच्या डॉक्टरकीला गेली आणि बोलणं आटलं. फोन यायचा तो वच्छलाबाईच्या मोबाईलवर. "आबा जेवले का?" एवढंच त्याच्या वाट्याला. तो शेजारी दोरखंड वळत बसायचा, ऐकत नाही असं दाखवत, आणि कान मात्र फोनला चिकटलेले. त्याला फार लागायचं ते, पण बोलणार कुणाजवळ? बोलायला जी होती तिनेच बोलणं टाकलेलं.

यंदा पोरीचं शिक्षण संपत आलं, म्हणून कंदुरी, म्हणजे नवसाच्या बोकडाचं जेवण करायचं ठरलं. पंकजा लहान असताना तिचा ताप उतरेना, तेव्हा आश्रुबाने शिवेवरच्या म्हसोबाला बोकड बोलला होता. पोरगी शिकून मार्गी लागली की देईन, असा नवस. आता त्याने बोकड स्वतः पारखून आणला, भावकीला आवतणं गेली. आदल्या दिवशी दुपारी पंकजा घरी आली, दावणीला बांधलेल्या बोकडाकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की मी उद्या सकाळच्या गाडीने जाते, माझ्या नावाने हे नको.

जिच्यासाठी नवस, तीच नसेल तर कंदुरी कशाची? त्यातही आश्रुबाला पुरतं ठाऊक होतं, की ही गेली तर नुसती कंदुरीला मुकणार नाही, आपणच हिला मुकणार.

त्याने दलालाला सुचेल तेच केलं, सौदा मधोमध तोडायला निघाला. "बरं, बोकड लहान घेऊ," तो म्हणाला.

"लहान बोकडाला मरन लहान येतंय का, आबा?"

आश्रुबाला हसू फुटलं. इतकं चोख उत्तर त्याला वर्षानुवर्षं कुणी दिलं नव्हतं. मग आपण रागावलेलो आहोत हे आठवून त्याने मिशा सारख्या केल्या. तू थांब पण जेवू नको, असा दुसरा आकडा टाकला. तोही पडला. कोंडी झाली तसा त्याने नेहमीचा घाव घातला. होस्टेलात मटण चापतेस ना तू, मग इथंच कुठून दया आली, असं गल्ली ऐकेल अशा आवाजात विचारलं.

पंकजा आत जाऊन, उद्याची वाट न बघता, पिशवी भरू लागली.

वच्छलाबाई पीठ मळत होती. मान वर न करता तिने विचारलं, "जिंकलात का?"

पंकजा पिशवी घेऊन दारात आली, चप्पल पायात घालता घालता थांबली. ती चिडली होती, पण डोळ्यांत चिडण्यापेक्षा वेगळं काहीतरी चमकत होतं.

"आबा, बाजारात तुमी जनावराची खोड आधी सांगता. मंग आपल्या बोलन्याची का न्हाई सांगत कधी?"

आता हे मात्र आश्रुबाच्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. तो मटकन ओट्यावर बसला. वाटलं, खरंच की. हजारो जनावरांच्या खोडी सांगितल्या, पण आपल्या म्हणण्याचं तोंड उघडून दात कुणाला दाखवला नाही. लाज वाटायच्या ऐवजी त्याला उकळीच फुटली. "तू सांग आधी," तो म्हणाला आणि पुढे सरकून बसला.

पंकजाने पिशवी खाली ठेवली. मटण मी खाते आणि आवडीने खाते, तिने सांगितलं. तुमच्या याच धंद्यावर शिकायलेय. तेव्हा माझ्या नावाने बोकड कापू नका म्हणायला मला तोंड आहे की नाही, ते माझं मलाच कळेना. तरी आतून नको वाटतंय, आणि का ते नीट सांगता येईना.

आश्रुबा बघतच राहिला. ज्या काठीने तो तिला झोडपत होता, तीच तिने त्याच्या हातात आणून दिली होती. आता मारायचं कशाला? उलट तिला नीट सांगता येईना ते आपण मिळून शोधावं, असंच वाटायला लागलं.

पण आता पाळी त्याची होती. तो उठला, बोकडाला पाणी दाखवून आला, उपरणं झटकलं, पुन्हा बसला.

"मसोबाला बोकड लागतोय का, मला ठावं न्हाई. बहुतेक न्हाईच लागत," तो म्हणाला. "पर न्हाई दिला आन् उद्या तुला नुस्ती ठेच लागली, तरी मी म्हनन, माझ्यामुळं झालं. मला लय भ्या हाय पंके. ह्यो बोकड देवाला न्हाई चालला, माझ्या भ्याला चाललाय."

वच्छलाबाईचा पिठातला हात थांबला. इतक्या वर्षांच्या संसारात हे तिनेही ऐकलं नव्हतं.

आणि मग जे सुरू झालं त्याला तोड नाही. भिऊन दिलेला शब्द हा शब्द असतो का? ज्याने मागितलं नाही त्याचं देणं लागतं का? आपलं वचन दुसऱ्याच्या जिवाने फेडता येतं का, आणि येत नसेल तर मग रोजच्या रश्श्याचं काय? एकजण रेटून बोलायला लागला की दुसरा बोट वर करायचा, "खोड?" की पहिला थबकून आपलीच उणी बाजू चाचपायचा. आश्रुबा एकदा चक्क म्हणाला, "हे मला सुचलं नव्हतं." हे वाक्य उभ्या आयुष्यात त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, आणि त्याला ते गुळासारखं गोड लागलं. दिवेलागण झाली, चहा दोनदा गार झाला, पिशवी दारातच पडून राहिली.

शेवटी पंकजा म्हणाली की आबा, द्या बोकड, मी थांबते, तुमचं भ्या मला कळलं. आश्रुबाने तिच्याकडे पाहिलं. "आगं, पर आता मलाच द्यावा वाटंना," तो म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिली आणि मग अशी हसली की दावणीचा बोकड दचकून उभा राहिला. हसू ओसरलं तशी बापलेक पुन्हा भिडली, यावेळी तो तिच्या बाजूने आणि ती त्याच्या.

वच्छलाबाईने हात धुतले. तुमचं ठरेल तेव्हा ठरेल, सकाळी माणसं येतील ती काही प्रश्न खाणार नाहीत, असं म्हणून तिने हंडाभर वरणासाठी डाळ निवडायला घेतली.

सकाळी भावकी जमली. म्हसोबाला नारळ फुटला, पानात वरण आणि बट्ट्या पडल्या. बोकड पलीकडे बाभळीखाली पाला खात उभा. माणिकराव म्हणजे आश्रुबाचे चुलते, मटणाची कंदुरी म्हटलं की तीन गावं ओलांडून येणारे. त्यांनी पानाकडे पाहून काय प्रकार आहे म्हणून विचारलं. आश्रुबा उभा राहिला आणि सगळ्यांसमोर आधी आपली खोड सांगितली, भ्यासकट. मग पंकजाची बाजू तिच्याहून चांगली मांडली. बोलायचं असेल त्याने बोलावं, म्हणाला, पण आधी खोड सांगून.

मग माणिकरावांनीच घसा साफ केला.

"माझी खोड म्हंजे, मी मटनासाठीच आलतो," ते म्हणाले. "आता सांगा, नवस फिटला का न्हाई?"

आणि जी जुंपली म्हणता! बट्ट्या तशाच हातात, पंगत हलेना, बायका वाढायच्या थांबून मधे बोलायला लागल्या. निकाल काही लागला नाही. पण आश्रुबा बोलत असताना एकही माणूस उठून गेला नाही, आणि हे त्याने मोठ्या आनंदाने पाहून घेतलं.

दुपारी त्याने पंकजाला मोटारसायकलवर फाट्यावर आणलं. गाडी आली, ती चढली, गाडी धुरळा उडवत गेली. आश्रुबाला एकदम रितं वाटलं. तो टपरीत शिरला, चहा सांगितला आणि पहिला घोट घेतो तोच खिशातला मोबाईल वाजला. पंकजाचं नाव बघून तो सवयीने बोलून गेला, "माय घरी हाय तुझी. तिच्या फोनवर लाव."

"तुमच्याशीच बोलायचंय आबा," गाडीच्या खडखडाटातून ती म्हणाली. "माझ्या म्हनन्यातली आनखी एक खोड सापडली."

आश्रुबाने कप खाली ठेवला आणि बाकड्यावर नीट मांडी घालून बसला.