केवड्याच्या बनाचा फोटो

माम झाडाला हात लावत नसत. फोटोत आडवी येणारी एखादी काटकी मोडली तर काम सोपं झालं असतं, पण ते स्वतः सरकत, वाकत, प्रसंगी चिखलात गुडघे टेकत. "ती हांगाच आसली. आमी मागीर आयल्यांव," एवढंच म्हणत; ती इथलीच, आपण मागाहून आलो, असं.

पेडण्याच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. सगळे त्यांना माम म्हणत, म्हणून मीही. गोवा राज्य झालं त्या सुमारास कागदपत्रांच्या फोटोंसाठी माणसं त्यांच्या दारात रांग लावत. आठवडाभर माम चेहरे टिपत आणि रविवारी केरीहून फेरीबोटीने तेरेखोलला जात. मी शाळेत ग्रंथपाल होते. हौसेने त्यांच्याकडे कॅमेरा शिकत होते.

खाडीकाठी नुसता गुंता. केवडा, घाणेरी, त्यांवर चढलेले वेल, खाली भरतीने आणून टाकलेल्या जाळ्यांच्या दोऱ्या. कुठे बघावं तेच मला कळेना. माम कॅमेरा पिशवीतून काढूच देत नसत. अर्धा तास बसवून ठेवत आणि मग विचारत, "बाय, पयलें कितें दिसलें?" मी चार-पाच नावं सांगितली की हसत. "तूं वर्गाची हजेरी घेता गो. एकच सांग." एका पानावर नजर ठरली की बाकीचा पसारा त्याच्या मागे गुमान उभा राहतो, हे मला तिथे बसून उमगलं.

त्यांना स्वतःला मात्र त्या बनाचा मनासारखा फोटो कधी साधला नाही. प्रिंट हातात आली की म्हणत, "गर्दी जाली," आणि खोक्यात टाकत. मग साखरेच्या आजाराने त्यांची नजर जात चालली. थोडा उजेड उरला होता तेव्हा म्हणाले, हा एक फोटो झाला की कॅमेरा तुझा.

आम्ही गेलो. मी कॅमेऱ्यातून दिसेल ते सांगत होते आणि ते मला हलवत होते: एक पाऊल डावीकडे, खाली बस, वारा पडू दे. ऊन कललं. मागची झाडी काळी झाली, केवड्याचं एकच कोवळं पान उजळलं, कडेला पाण्याची रेघ. ते ऐकून मामांनी श्वास रोखून धरला. मी बटण दाबलं.

रोल धुवायला काढला तेव्हा कळलं, फिल्मचं टोक ती पुढे ओढणाऱ्या चक्रीत अडकलंच नव्हतं. मीच ती भरली होती. सगळा रोल कोरा.

सांगायला गेले तर माम तापाने अंथरुणात, आणि आता डोळ्यांपुढे पूर्ण काळोख. माझी चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "फोटो आयलो मगे?"

मी म्हटलं, "आयलो माम."

खोक्यातली एक जुनी, त्यांनीच टाकून दिलेली प्रिंट मी चौकटीत बसवून आणली. मामीने ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि खिळ्याला लावली. माम येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, एकच पान बघा, मागे काळोख, कडेला पाणी. माणसांना दिसे ते निव्वळ झुडूप. सगळे म्हणत, बरो आयला.

गणेशचवथीनंतर माम गेले. बाराव्याला मामीने कॅमेरा माझ्यापुढे धरला. मी नको म्हणून मान हलवली, सगळं सांगायला तोंड उघडलं, पण तिने बोलू दिलं नाही.

"तांकां तो फोटो दिसलो बाय," ती म्हणाली. "घे."

मी घेतला. त्यात फिल्म भरायला हात मात्र आजवर धजला नाही.