डालग्याखालचा डाव

येसाजी गेला त्याला येत्या शिमग्याला दोन वर्षं होतील. नेरळहून माथेरानला रूळ टाकायचं काम त्यानं पाहिलं, गाडी बघायला काही राहिला नाही. गावात कुणालाही विचारा, सांगतील की शेतीत कष्टाळू, बोलण्यात फटकळ आणि बुद्धिबळात कुणाला हार न जाणारा माणूस. त्यानं जिंकलेले डाव सगळ्यांना पाठ आहेत. मी लिहितोय ते एका हरलेल्या डावाबद्दल, कारण त्यात माझंही तोंड काळं झालेलं आहे.

खेळ चाले तो भैरोबाच्या देवळापुढच्या पारावर. येसाजीचा पट म्हणजे घरं कोरलेली एक जाड फळी. मोहरे लाखेनं रंगवलेले, त्यातल्या एका प्याद्याचं डोकं उडालेलं. ते बोडकं प्यादं येसाजी नेहमी आपल्या वजिरापुढं मांडायचा, अगदी हट्टानं.

लडकू हा वरच्या ठाकूरवाडीतला. मोळी गावात विकायला, नाहीतर कर्जतच्या बाजाराला नेताना तो पाराशी थांबे, मोळी उतरवी आणि उभ्यानं खेळ पाही. सात-आठ वर्षं पाहत होता. त्याला कुणी कधी वर बस म्हटलं नाही, आणि आपलं काही चुकतंय असं आम्हाला वाटतही नव्हतं.

एका बाजाराच्या दिवशी येसाजीला जोडीदार मिळेना. तो चेष्टेनं म्हणाला, "काय रं लडकू, येतोस का खेळाया?"

"येतो," लडकू म्हणाला.

आम्ही पोट धरून हसलो. फळी पाराच्या कडेला सरकवली. येसाजी वर मांडी घालून बसला, लडकू खाली उभाच राहिला. पण तो खेळू लागला तसं आमचं हसू आटलं. येसाजीला घाम फुटला. अखेर दुपार कलताना लडकूचा राजा कोंडला गेला. वजीर एक घर पुढं टाकला की मात होती. ते मला दिसत होतं, येसाजीलाही दिसत होतं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. वजिरानं केलेली मात ही साधी. प्याद्यानं केली तर ती प्यादेमात, तिचा मान मोठा. हरणाऱ्याची चेष्टा वर्षभर पुरते. बरोबरीच्या माणसावर कुणी सहसा तिचा हट्ट धरत नाही. येसाजीनं धरला. एका मोळीविक्यानं आपल्याला घाम फोडला हे त्याला गिळवत नव्हतं. त्यानं वजीर तसाच ठेवला आणि त्या बोडक्या प्याद्याला बोट लावलं. ते चार घरं चालवत नेलं की त्यानंच मात होत होती. येसाजी आमच्याकडं बघून डोळे मिचकावत होता, वाटेनं जाणाऱ्या गाडीवानांना हाका मारत होता आणि मधेच प्यादं पुढं ढकलत होता.

एकच घर उरलं आणि लडकूनं घोडा ठेवला. येसाजीचा राजा आपल्याच हत्ती-प्याद्यांत अडकून पडला होता. मात झाली.

मग येसाजी ओरडला, "ह्यो घोडा हितं कसा आला? त्या टोकाला व्हता! तिथनं हितं याया तीन चाली लागत्यात. मी प्यादं दोनदा सरकवलं. मंजी ह्याला चाली मिळाल्या दोनच. माझी पाठ फिरली तवा ह्यानं घोडा उचलून ठेवला!"

त्यानं एकेकाला विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. लडकूनं मोळी डोक्यावर घेतली आणि निघून गेला.

येसाजीनं मग मोहरे हलू न देता ती फळी जपून घरी नेली, पडवीत ठेवली आणि वर कोंबड्यांचं डालगं झाकलं. पुरावा! जो येईल त्याला डालगं उचलून दाखवायचा. त्याची बायको जयवंता वैतागली होती. "कोंबड्या मांजरानं नेल्या तरी चालंल, पर ह्येंचा घोडा जपाया पायजे," असं म्हणायची. इकडे लडकूची मोळी गावात कुणी घेईना. ज्यानं खेळात लबाडी केली त्यानं आत ओली लाकडंही भरली असतील, असं बायका म्हणू लागल्या.

पाचव्या-सहाव्या दिवशी मी पडवीत बसलो होतो. येसाजी मलाच पुन्हा समजावत होता. "हितनं वजिराची मात व्हती बघ. तवा ह्ये बोडकं जाग्यावरच व्हतं, वजिराच्या मूळ घरापुढं. साऱ्या डावात मी त्येला हात लावला नव्हता. मंग मी सरकवलं एकदा, दोनदा..." त्याचं बोट थांबलं. प्यादं आपल्या जागेपासून तीन घरं पुढं उभं होतं. स्टेशनातल्या बाबूंच्या खेळात प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं म्हणे, पण आमच्या खेळात ते एका चालीला एकच घर जातं. येसाजीनं ते पुन्हा मोजलं. मग डोळे मिटून मोजलं. गाडीवानाला हाक मारताना एकदा त्यानं न बघताच ते ढकललं होतं.

"सदू," तो हळूच म्हणाला, "तीन हायत रं."

सहा दिवस तो पुरावा सगळ्या गावाला दाखवत होता. लाजेनं त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. त्यानं डालगं उचलून कोंबड्यांकडं फेकलं आणि म्हणाला, "चल माझ्यासंगं वाडीवर. मला एकट्याला जावत नाय."

वाडी अर्ध्या डोंगरात. लडकू अंगणात कुऱ्हाडीला दांडा बसवत होता. त्याची बायको आवडी आम्हाला बघून आत गेली. येसाजीनं मातीत घरं आखली, चिंचोके मांडले आणि वजिराची मात होती तिथपासून सगळा डाव मोठ्यानं मोजत खेळून दाखवला. प्याद्याच्या तीन चाली, घोड्याच्या तीन. "माजं चुकलं, लडकू. तुजा घोडा खरा व्हता."

लडकू चिंचोक्यांकडं बघतही नव्हता. "मला ठावं हाय," तो म्हणाला. "मी तवाच बोललो व्हतो, तीन चाली झाल्या म्हनून. तुमी वरडत व्हता. ह्या सदूनं ऐकलं."

येसाजीनं माझ्याकडं पाहिलं.

मी ऐकलं होतं. मी पाराच्या कडेलाच, लडकूच्या हाताजवळ बसलो होतो. त्याचा आवाज स्वच्छ कानावर आला होता, आणि तरीही मी मान डोलावली होती.

"मला नाय आठवत," मी म्हणालो.

लडकूनं कुऱ्हाड बाजूला ठेवली. मग येसाजीला म्हणाला, "पर ह्ये तुमी हितं कशापायी सांगता? हितं मला कोन लबाड म्हनत नाय."

उतरताना येसाजी मला मागं टाकून भराभर चालला. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं फळी पारावर आणली, पण स्वतः वर चढला नाही. लडकू उभा राहायचा तिथं खाली उभा राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना थांबवून तो डाव मोजून दाखवू लागला. लोक हसले, काहींनी खुळा म्हटलं. पण त्यानं शेवटपर्यंत मोजलं. लडकू वाटेनं आला, थांबला, त्यानं सगळं ऐकलं. येसाजी पाराकडं हात करून म्हणाला, "बस." लडकू म्हणाला, "मोळी इकाया आलोय," आणि पुढं गेला. त्या दिवशी ती मोळी जयवंतानं घेतली, आणि पुढच्या बाजारापासून इतर बायकाही घेऊ लागल्या.

पुढं येसाजी पुष्कळ डाव जिंकला. वजिरानं जिंकला, हत्तीनं जिंकला, प्यादेमात मात्र कधी केली नाही. हरलेला डाव चार माणसांत मोजून दाखवणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

त्या दिवशी पारावर सगळं सांगून झाल्यावर त्यानं विचारलं होतं, "लडकू तवा 'तीन चाली' म्हनला, कुनी ऐकलं व्हतं का?" मी वर, माझ्या नेहमीच्या जागी बसलो होतो. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वाट मात्र पुष्कळ वेळ बघितली.