सुमनताईंची बादली अजून चालू आहे

मंडळी, एक सल्ला हवाय, म्हणून इथे लिहितेय.

मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दोन वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या एका वस्तीवर आम्ही बोअरच्या पाण्यातलं, दात-हाडं खराब करणारं फ्लोराईड काढायला घरोघरी फिल्टर दिले होते. शेंगांच्या टरफलांचा कोळसा तुरटीच्या पाण्यात मुरवून बादलीत भरायचा, बस्स. फोटो काढले, टाळ्या घेतल्या, बक्षीसही मिळालं.

आज सकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात त्याच वस्तीवरच्या सुमनताई मेथी विकताना भेटल्या. म्हणाल्या, "मॅडम, तुमची बादली लय भारी हाय! अजून तिचंच पाणी पितो. दर शुक्रवारी राखेनं घासून लख्ख करते."

"आतला कोळसा बदलला का?"

"नाय बा. तुम्ही भरलेला हाय, त्याला कशाला हात लावू?"

तो कोळसा काही महिन्यांतच निकामी होतो. हे मी शोधनिबंधात लिहिलं. वस्तीवर सांगायचं राहून गेलं.

मी घाबरत विचारलं, "आणि पूर्वी लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचात ते?" त्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराईड नव्हतं.

"ते बंदच केलं. बादली आल्यावर कशाला एवढी पायपीट?"

आणि मी काय केलं? नुसती हसले. त्यांनी प्रेमानं हातात कोंबलेल्या मेथीच्या दोन जुड्या घेऊन घरी आले.

जुड्या ओट्यावर तशाच पडल्यात. उद्या सकाळी वस्तीवर जातेय. इतकी निगा राखून त्या ज्या बादलीतलं पाणी पोरांना पाजतायत, ती कधीच बंद पडलीय, हे त्यांच्या तोंडावर कसं सांगू?