रंगनाथरावांच्या पँटची कळी

तीस वर्षं कसब्यात पँटी शिवतोय. माणसांचा वीट यायला एवढी वर्षं पुरतात. कुणाला आंघोळीचा कंटाळा आहे, कोण आतून काय मळकं घालतो, सगळं आम्हाला कळतं. तोंडात टाचण्या धरलेल्या असतात म्हणून बोलत नाही, इतकंच.

रंगनाथराव शेजारच्या बोळात राहतात आणि एका पतसंस्थेत काउंटरला बसतात. आठ वर्षांपूर्वी ते कापड घेऊन आले आणि माप द्यायला पडद्याआड भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "मास्तर, आसनात जरा सैल असू द्या." मी टेप लावली आणि काय ते समजलो. अंडकोषात पाणी भरलं होतं. हायड्रोसील. डॉक्टरला दाखवलंत का, एवढं विचारायला हवं होतं. त्याऐवजी मी पँटच्या दोन पायांच्या मध्ये जास्तीचा तुकडा जोडून दिला. त्याला आम्ही कळी म्हणतो. पुढच्या दिवाळीला कळी मोठी झाली. त्याच्या पुढच्या दिवाळीला आणखी मोठी.

मग तो वास सुरू झाला. कुणीतरी सांगितलं म्हणून ते तंबाखूची पानं गरम करून बांधत होते. माप घ्यायला वाकलो की घाम, तंबाखू आणि चिघळलेल्या कातडीचा आंबूस दर्प थेट नाकात जायचा. अक्षरशः शिसारी यायची. ते गेल्यावर मी टेप साबणाने धुवायचो आणि चहा तसाच ओतून द्यायचो. बिबवेवाडीत कुणी एक इसम राहत्या फ्लॅटमध्ये सुईनं पाणी काढून देतो म्हणे. त्याच्याकडेही दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा पाणी पुन्हा भरलं, आणि दुसऱ्यांदा पू झाला तो वेगळाच.

एवढं होऊनही ऑपरेशन मात्र नको. कारण माझ्या दुकानासमोरच्या कट्ट्यावर तात्याराव बसतात, आणि त्यांना सगळ्या शरीरशास्त्राची माहिती असते.

"तिथं सुरी लागली की पुरुष संपला," तात्याराव माझ्यासमोर त्यांना सांगत होते. "माझ्या मेव्हण्याचं बघा."

"काय झालं मेव्हण्याला ऑपरेशननंतर?" मी विचारलं.

"त्यानं केलं नाही ना. म्हणून तर धडधाकट आहे."

असल्या अकलेपुढे हात जोडावेत. तरीही गेल्या हिवाळ्यात रंगनाथराव एकदाचे दवाखान्यात गेले. सोनोग्राफी झाली. नुसतं पाणी आहे, दुसरं काही वाईट नाही, अर्ध्या तासाचं काम, दुसऱ्या दिवशी घरी, आणि पुरुषपणाला काही धक्का नाही, असं सर्जननं सांगितलं. तारीखसुद्धा दिली. पण फॉर्मवर घरच्या माणसाची सही मागितली, आणि हे गृहस्थ फॉर्मची घडी खिशात घालून परत आले.

"हेमाला कळेल, मास्तर," ते म्हणाले.

"बायकोला कळू नये? इतकी वर्षं कळलं नाही?"

"मी वेगळा झोपतो. गुडघे दुखतात म्हणून असा चालतो, असं सांगितलंय. तिनं हे बघितलं तर तिला किळस येईल."

मला तर येतच होती, त्यामुळे मी मान खाली घालून मशीन चालवत राहिलो. पाच महिने तो फॉर्म त्यांच्या खिशात फिरला.

मग एका दुपारी हेमावहिनी जुनी पँट घेऊन आल्या. कापड चांगलं आहे, भाजीची पिशवी शिवून द्या, म्हणाल्या. मी बोलता बोलता उसवायला घेतली आणि कळी सुटून टेबलावर पडली. चांगली तळहाताएवढी.

"हा तुकडा कसला?"

"तुम्ही कधी पाहिला नाहीत?"

"मी कशी पाहणार? आठ वर्षं ते आपले कपडे आपणच धुतात. मला हात लावू देत नाहीत. ही कपाटामागे पडलेली सापडली." त्या स्टुलावर बसल्या. "आठ वर्षांपूर्वी माझं गर्भाशय काढलं, मास्तर. तेव्हापासून ते वेगळ्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपतात. मला वाटलं, त्यांना माझी किळस येते."

मी त्यांना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. "मी विचारणार नाही. त्यांनाच सांगू दे," एवढं म्हणून पिशवी शिवून न घेताच निघून गेल्या. आजवर मला रंगनाथरावांच्या वासाची शिसारी यायची. त्या दुपारी स्वतःच्या हातांची आली. तात्यारावांनी नुसती बडबड केली होती. दरवर्षी मापात बसणारं लपायचं ठिकाण मी शिवून दिलं होतं.

त्या आठवड्यात रंगनाथरावांची नवी पँट शिवायची होती. मी ती सरळ शिवली. ते घालायला पडद्याआड गेले, बराच वेळ आतून धापा ऐकू आल्या, आणि मग आपली जुनीच पँट घालून, नवी हातात घेऊन, लालबुंद होऊन बाहेर आले.

"मास्तर, कळी?"

"घातली नाही. यापुढे घालणार नाही. दुसरा टेलर बघा, नाहीतर डॉक्टर बघा."

"तुम्ही कोण ठरवणारे?"

मी जुनी कळी त्यांच्यासमोर ठेवली. "हेमावहिनींनी पाहिलीय ही."

त्यांचा चेहरा उतरला. "तिनं 'शी' म्हटलं?"

"नाही. आठ वर्षं त्यांना वाटतंय, त्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुम्हाला त्यांची किळस येते."

ते स्टुलावर बसले. तो तुकडा त्यांनी हातात घेतला.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

"आहात," मी म्हणालो.

त्यांनी खिशातून फॉर्म काढला. घडीवर फाटला होता. तो मांडीवर सरळ करून ते उठले आणि नवी पँट तिथेच टाकून घरी गेले.

दीड महिन्यानं दोघं बरोबर आले. ऑपरेशन होऊन जखमही भरली होती. सरळ शिवलेली पँट व्यवस्थित बसली, आणखी एक शिवायला कापड आणलं होतं. मी टेप काढली तसे रंगनाथराव सवयीनं पडद्याआड गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हेमावहिनी उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला सारला.

"अहो, पुरे झाली ती भिंत," त्या म्हणाल्या. "इकडं तोंड करा."